विझलेल्या ताऱ्याची नाडी

बऱ्हाणपूर जिल्ह्यातील एका खेड्यातून आलेले पत्र गेला आठवडाभर आमच्या मेजावर आहे. पत्र लिहिणारी एक माउली असून आपले नाव व गाव छापू नये अशी तिची विनंती आहे. ती आम्ही अर्थातच पाळीत आहो. घरी थोडी केळीची बाग, थोडी कपाशी. थोरला मुलगा शहरात राहून बारावीला विज्ञान शिकतो. राखेच्या बुधवारी तो घरी आला, सर्वांबरोबर मिस्साला गेला, कपाळावर राख घेऊन परतला, आणि रात्री पानावर बसला असता सहज बोलून गेला की, फादर म्हणतात आपण मातीचे; परंतु पुस्तकात तर असे दिले आहे की आपल्या हाडांतले कॅल्शियम आणि रक्तातले लोह ही मेलेल्या ताऱ्यांची राख आहे. मग खरे काय मानावयाचे? वडिलांना ही उपवासाच्या दिवशी केलेली थट्टा वाटली. ते पानावरून उठले. मुलगा दुसऱ्या दिवशी शहरात परतला तो बापाशी न बोलताच. आता वडिलांचे म्हणणे असे की परीक्षा झाली की शिक्षण पुरे, मळ्यात माणूस हवेच आहे. दोघांनाही वाचून दाखविता येईल असे काही लिहा, एवढीच त्या माउलीची मागणी आहे.

आम्ही खगोलशास्त्री नव्हे. परंतु मुलगा जे बोलला ते खरे आहे, हे आरंभीच सांगून टाकतो. कसे खरे आहे, आणि ते मनुष्यास कळले कसे, हे सांगण्यास मात्र थोडा विस्तार करावा लागेल, व त्याची सुरुवात बऱ्हाणपुरापासूनच करणे सोईचे आहे.

बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत फारुकी घराण्यातील आदिलशहाच्या काळचा एक संस्कृत शिलालेख आहे. मशिदीत संस्कृत लेख असावा हेच आधी नवल. त्याहून नवल असे की त्यात बांधकामाचा काळ केवळ वर्ष सांगून दिलेला नाही. विक्रम संवत १६४६, शके १५११, पौष मास, त्यापुढे तिथी, नक्षत्र, योग, लग्न अशी सारी आकाशाची साक्ष काढली आहे. इंग्रजी गणनेने हे साल १५९० चे. म्हणजे त्या काळी या शहरात आकाशाकडे डोळे लावून बसणारी व गणित जाणणारी माणसे होती.

आणि तो काळही आकाशाकडे पाहण्याजोगाच होता. शिलालेखाच्या अठरा वर्षे आधी, १५७२ च्या नोव्हेंबरात, शर्मिष्ठा नक्षत्रसमूहात एक अगदी नवा तारा दिसू लागला व तो काही दिवस शुक्राइतका तेजस्वी राहिला. शिलालेखानंतर चौदा वर्षांनी, १६०४ च्या ऑक्टोबरात, भुजंगधारीत दुसरा उगवला. त्या संध्याकाळी तापीच्या घाटावर उभे राहून नैर्ऋत्येकडे पाहणाऱ्या कोणाही नावाड्यास वा भिस्त्यास तो दिसू शकत होता; गुरू, शनी व मंगळ तेव्हा त्याच बाजूस एकत्र आले होते. आपल्या आकाशगंगेतील असा तारा नुसत्या डोळ्यांनी दिसल्याची ही अखेरची नोंद. तेव्हापासून चारशेहून अधिक वर्षे तसा योग आलेला नाही.

त्याच्या तीन वर्षे आधी बऱ्हाणपुरात आपल्या ओळखीची दोन माणसे राहून गेली होती. १६०१ च्या जानेवारीत असीरगड अकबराच्या हाती आला, तेव्हा बादशहाच्या छावणीत संत फ्रान्सिस झेवियर यांच्या कुळातील फादर जेरोम झेवियर आणि येशूसंघाचे ब्रदर बेनेडिक्ट गोइश हे दोघे होते. त्याच वर्षी मार्च महिन्यात गोव्यास जाणाऱ्या अकबराच्या वकिलातीबरोबर ब्रदर बेनेडिक्ट निघाले ते बऱ्हाणपुराहूनच. नवा तारा दिसू लागला तेव्हा ते मध्य आशियातील यारकंदाकडे होते, चीनचा खुष्कीचा मार्ग शोधीत. त्या प्रवासातून ते परतले नाहीत.

युरोपात या दोन ताऱ्यांनी मोठीच खळबळ उडविली. चंद्राच्या वरचे आकाश अक्षय आहे, तेथे नवे काही होत नाही व जुने काही नासत नाही, असे ॲरिस्टॉटलपासून सारे विद्वान मानीत आले होते. रोमच्या येशूसंघीय विद्यालयातील फादर क्लाव्हियस, ज्यांच्या गणितावर आपले १५८२ पासूनचे कॅलेंडर उभे आहे, त्यांनी १५७२ चा तारा तपासून तो स्थिर ताऱ्यांच्याच मंडळात आहे असा निर्णय दिला. वर्षानुवर्षे शिकविलेल्या मताविरुद्ध जाणारी गोष्ट डोळ्यांनी पाहून मान्य करणे हे धर्मगुरूसही कठीणच. १६०४ चा तारा प्राग येथे केप्लरने बारकाईने पाहिला, म्हणून तो त्याच्या नावाने ओळखला जातो. केप्लर प्रॉटेस्टंट खरा, परंतु मोठा भाविक. ज्ञानी पुरुषांना बेथलेहेमास नेणारा ताराही असाच नवा उगवला असावा काय, याचे गणित त्याने मांडून पाहिले होते. ते गणित आजचे विद्वान स्वीकारीत नाहीत. आम्हीही त्याचा आग्रह धरीत नाही.

नवा तारा हे नावच मुळी चुकले होते. ते जन्म नव्हते, मरण होते. तारा म्हणजे एक भट्टी होय. तिच्या पोटात हायड्रोजन जळून हेलियम होतो, मोठ्या ताऱ्यात पुढे हेलियमपासून कार्बन, मग ऑक्सिजन, सिलिकॉन अशी एकावर एक चढती रास लागते, आणि शेवटी लोह होते. लोह हे असे जळण आहे की ज्यातून धग निघत नाही. भट्टी थंडावली की वरचा अफाट भार पेलण्यास काही उरत नाही. ताऱ्याचा गाभा एका सेकंदाहूनही कमी वेळात आत कोसळतो, आणि बाहेरचा सारा ऐवज उधळला जातो. ही एक रीत. दुसरी रीत लहान, विझलेल्या ताऱ्यांची. त्यांना शेजारच्या ताऱ्याकडून वाजवीपेक्षा अधिक द्रव्य मिळाले तर ते संपूर्ण फुटून जातात. केप्लरचा तारा या दुसऱ्या जातीचा. असा विझलेला तारा किती वजनापर्यंत तग धरील याची मर्यादा, सूर्याच्या सुमारे १.४ पट, एका एकोणीस वर्षांच्या भारतीय तरुणाने १९३० साली विलायतेला जाणाऱ्या बोटीवर गणिताने काढली. त्याचे नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. बारावी होऊन त्याला फार वर्षे झाली नव्हती, हे पत्रातील वडिलांच्या नजरेस आणावेसे वाटते.

उधळलेला ऐवज कित्येक हजार वर्षे पसरत राहतो. तो आजूबाजूच्या विरळ वायूवर आदळून इतका तापतो, काही कोटी अंशांपर्यंत, की त्यातून दिसणाऱ्या प्रकाशापेक्षा क्ष-किरणच अधिक निघतात. हे तेच क्ष-किरण, जे राँटगेनला १८९५ च्या नोव्हेंबरात सापडले आणि ज्यांनी दवाखान्यात छातीचा फोटो काढतात. मांसातून ते पार जातात, हाडात अडतात, म्हणून हाड पांढरे दिसते. परंतु आकाशातून येणारे हे किरण आपल्या अंगणात पोहोचत नाहीत, कारण मध्ये हवा आहे. आपल्या डोक्यावरील साऱ्या हवेचे वजन सुमारे दहा मीटर खोल पाण्याएवढे भरते. एवढ्या पाण्याच्या तळाशी बसून कोणाचा फोटो निघावयाचा? देवाने ही हवा घातली नसती तर आपण तगलोही नसतो, तेव्हा तक्रार नाही. परंतु पाहावयाचे तर हवेच्या वर जाणे भाग आहे.

बऱ्हाणपूरच्या वाचकांनी कुंडी भंडारा पाहिलाच असेल. अब्दुर्रहीम खानखानानच्या वेळी, १६१५ च्या सुमारास, सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने शहराकडे आणले, आणि वाटेत शंभरावर कुंड्या खोदल्या. वरून चालणाऱ्या गुराख्यास पायाखाली नदी वाहते आहे याचा पत्ता नसतो. कुंडीत वाकून पाहील त्यालाच ती दिसते. आकाशाचेही तसेच. फरक इतकाच की तेथील कुंडी खाली नसून वर आहे.

त्या कुंडीत पहिल्याने डोकावले ते १८ जून १९६२ रोजी. रिकार्डो जियाकोनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक अग्निबाण सोडला. तो हवेच्या वर राहिला जेमतेम काही मिनिटे. चंद्रावरून क्ष-किरण येतात काय हे पाहावयाचे होते. सापडला तो वृश्चिकातील क्ष-किरणांचा एक अत्यंत प्रखर उगम, ज्याची कोणास कल्पनाही नव्हती. त्याबद्दल जियाकोनींना नोबेल पारितोषिक मिळाले ते २००२ साली, चाळीस वर्षांनी.

हिंदुस्थानात हे काम जेथून सुरू झाले त्याची हकिगत आपल्या लोकांस विशेष माहीत नाही, म्हणून येथे थोडे थांबतो. केरळात त्रिवेंद्रमजवळ थुंबा हे कोळ्यांचे गाव. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त तेथून जवळ जाते, यामुळे अग्निबाण सोडण्यास ती जागा डॉक्टर विक्रम साराभाईंना हवी होती. परंतु नेमके त्याच जागी संत मेरी माग्दालेनेचे चर्च उभे होते, भोवती भाविकांची घरे. साराभाई त्रिवेंद्रमचे बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांच्याकडे गेले. बिशपांनी आपल्या अधिकाराने होय वा नाही म्हटले नाही. रविवारी उपासनेच्या वेळी लोकांसमोर विषय मांडला आणि त्यांची संमती घेतली. कोळी कुटुंबांनी आपले चर्च व आपली घरे दिली आणि ती दुसरीकडे जाऊन राहिली. चर्चची इमारत शास्त्रज्ञांची कचेरी व कामाची जागा झाली, बिशपांचे घरही कामास आले, आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिला अग्निबाण उडाला. त्या दशकाच्या अखेरीस थुंब्याहून उडालेल्या अग्निबाणांनी आकाशातील क्ष-किरणही मोजले. ते चर्च आज अवकाश संशोधनाचे संग्रहालय आहे. ज्या घराण्यांनी पिढ्यानपिढ्या तेथे बाप्तिस्मा घेतला, लग्ने लावली, त्यांना ते सोडताना काय वाटले असेल हे खेड्यातल्या माणसास सांगावयास नको. विज्ञानाने श्रद्धेचे घर घेतले असे म्हणणारे म्हणोत. आम्हांस तर ते दिलेले दिसते.

याच सुमारास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची मंडळी हैदराबादेहून मोठाले फुगे सोडून त्यांना टांगलेल्या उपकरणांनी क्ष-किरण टिपू लागली होती. १९ एप्रिल १९७५ रोजी आपला पहिला उपग्रह आर्यभट रशियन अग्निबाणाने वर गेला. त्यावरही क्ष-किरणांचे उपकरण होते, परंतु चार-पाच दिवसांतच विजेच्या पुरवठ्यात बिघाड झाला आणि प्रयोग थांबला. पुढे १९९६ साली दुसऱ्या एका उपग्रहावर लहानसे उपकरण गेले. आणि २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून ॲस्ट्रोसॅट ही केवळ आकाश पाहण्यासाठी बांधलेली भारताची पहिली अवकाश वेधशाळा ६५० किलोमीटर उंचीवर गेली. फुग्यापासून वेधशाळेपर्यंत जवळजवळ पन्नास वर्षे. पहिल्या फुग्यावर काम करणारे तरुण तोवर निवृत्त झाले होते.

ॲस्ट्रोसॅटवरील एका दुर्बिणीचे वर्णन केल्यावाचून राहवत नाही. क्ष-किरण आरशावर समोरून पडले तर ते परतत नाहीत, आत घुसतात. मग दुर्बीण करावयाची कशी? आपली मुले नदीकाठी चपटा खडा पाण्यालगत तिरपा फेकून भाकऱ्या उडवितात, त्यातच याचे उत्तर आहे. खडा वरून टाकला तर बुडतो. अगदी निसटता टाकला तर पाण्यावरून उसळत जातो. क्ष-किरणही आरशाला निसटते घासून गेले तर वळतात. म्हणून मुंबईच्या शास्त्रज्ञांनी सोन्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांचे ३२० आरसे एकात एक, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे बसविले. मिस्साच्या चषकास आतून सोन्याचा मुलामा असतो तो आपण पाहतो. येथेही सोनेच, काम मात्र निराळे.

आता ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला त्या ताऱ्याकडे येऊ. सन १०५४ च्या जुलैत चिनी ज्योतिष्यांनी वृषभ राशीत एक पाहुणा तारा नोंदविला. तो तेवीस दिवस भर दिवसा दिसत होता आणि रात्री सुमारे पावणेदोन वर्षे. माळव्यात तेव्हा राजा भोजाची कारकीर्द संपत आली होती. आज त्या जागी एक धुरकट, विस्कटलेला तेजोमेघ आहे. त्याच्या आकारावरून त्याला खेकडा म्हणतात. तो इतका दूर आहे की त्याचा प्रकाश येथे येण्यास सुमारे साडेसहा हजार वर्षे लागतात. मेघाच्या मध्यभागी त्या ताऱ्याचा कोसळलेला गाभा अजून आहे. त्याचे वजन सूर्याहून अधिक, आणि आकार? बऱ्हाणपूर शहरापासून असीरगडापर्यंतचे अंतर म्हणजे जवळजवळ त्याचा व्यास. एवढ्या गोळ्यात सारा सूर्य कोंबला आहे. त्यातील चमचाभर द्रव्य येथे आणता आले तर कोट्यवधी टन भरेल. आणि हा गोळा स्वतःभोवती एका सेकंदात सुमारे तीस वेळा फिरतो. फिरताना त्याचा झोत दीपस्तंभाच्या दिव्यासारखा आपल्यावरून जातो, आणि प्रत्येक फेऱ्यात आपल्याला ठोका ऐकू यावा तशी उसळी मिळते. म्हणून अशा ताऱ्याला स्पंदक तारा म्हणतात, इंग्रजीत पल्सार. आम्ही त्याला नाडी म्हणू. ही नाडी रोज सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या छत्तीस-सदतीस पटीने मंद होत आहे, आणि तिची जी शक्ती अशी खर्ची पडते तिच्यावरच तो सारा तेजोमेघ आजही उजळलेला आहे. मेलेला तारा आपल्या अवशेषांना प्रकाश पुरवीत आहे.

अशी पहिली नाडी सापडली ती क्ष-किरणांत नव्हे, रेडिओलहरींत, आणि सापडली ती एका विद्यार्थिनीला. १९६७ साली केंब्रिज येथे जोसलिन बेल या मुलीने आधी इतरांबरोबर हातोडा घेऊन खांब रोवले, मैलोगणती तार ओढली, आणि मग यंत्रातून रोज निघणारा शंभर फूट कागद ती डोळ्यांनी तपाशीत बसली. त्या कागदावर पाव इंच जागेत एक कुसळासारखी खूण तिला वारंवार दिसे. ती तिने सोडली नाही. १९७४ चे नोबेल पारितोषिक मात्र तिच्या गुरुजींना मिळाले, तिला नाही. पुढे २०१८ साली तिला तीस लाख डॉलरचे दुसरे एक पारितोषिक मिळाले, तेव्हा ती सर्व रक्कम तिने गरीब व उपेक्षित समाजातील विद्यार्थ्यांना पदार्थविज्ञान शिकता यावे म्हणून देऊन टाकली. ही बाई क्वेकर पंथाची, नेमाने प्रार्थनेस जाणारी आहे.

खेकडा तेजोमेघाच्या नाडीवर आपल्या ॲस्ट्रोसॅटने दीड वर्षाच्या काळात पुनःपुन्हा नजर ठेवली. मुंबईची टाटा संस्था, पुण्याची आयुका आणि अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा यांच्या शास्त्रज्ञांनी त्यातून जे काढले ते २०१७ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले. प्रकाशाची लहर दोरीसारखी असते असे समजा. खिडकीच्या उभ्या गजांतून दोरी बाहेर काढून हलविली तर वरखाली हलणारी लहर पार जाते, आडवी हलणारी अडते. क्ष-किरण कोणत्या दिशेने हेलकावत येत आहेत हे कळले तर ते जेथून निघाले तेथील चुंबकशक्तीची रचना कळते. शास्त्रज्ञांची अपेक्षा अशी होती की ज्या क्षणी झोत आपल्याकडे नसतो त्या क्षणी हे हेलकावे स्थिर असतील. नाडीचे दोन ठोके, त्यांच्यामध्ये शांतता. तसे निघाले नाही. ठोके नसतानाच हेलकाव्यांत सर्वांत अधिक चढउतार दिसला. प्रचलित उपपत्तींत हे नीट बसत नाही. ठोक्यांच्या मधल्या शांततेत काहीतरी चालले आहे, आणि ते काय याचा शोध घेण्यासाठी १ जानेवारी २०२४ रोजी एक्सपोसॅट हा दुसरा उपग्रह पाठविला गेला. त्या महिन्याच्या मध्यासच त्यानेही खेकड्याकडे तोंड वळविले. पाच वर्षांसाठी योजलेल्या ॲस्ट्रोसॅटने दरम्यान दहा वर्षे पुरी केली.

आता मुलाच्या बोलण्याकडे परतू. ५ जानेवारी २०२४ रोजी एक्सपोसॅटच्या दुसऱ्या उपकरणाने शर्मिष्ठेतील एका अवशेषाचे क्ष-किरण टिपले. त्या ताऱ्याच्या स्फोटाचा प्रकाश येथे पोहोचला तो सुमारे १६८० साली, म्हणजे संभाजी महाराजांच्या फौजेने बऱ्हाणपूर लुटले त्याच सुमारास. चुलीत मिठाचा खडा पडला की ज्योत पिवळी होते. तिला पाहूनच गृहिणी सांगेल की मीठ पडले. तद्वतच प्रत्येक मूलद्रव्याचे क्ष-किरण आपापली खूण घेऊन येतात. या अवशेषातून मॅग्नेशियम, सिलिकॉन, गंधक, अरगॉन, कॅल्शियम आणि लोह यांच्या खुणा आल्या. चंद्रशेखरांचे नाव दिलेली चंद्रा ही अमेरिकन वेधशाळा १९९९ पासून याच अवशेषाकडे पाहत आली आहे. तिच्या मोजणीप्रमाणे त्यात एकट्या लोहाचेच वजन आपल्या पृथ्वीच्या सत्तर हजार पट आहे, ऑक्सिजनचे दहा लाख पट. अशा उधळणीतूनच आपला सूर्य, पृथ्वी, तापीचा गाळ, केळीचे खुंट आणि आपली हाडे घडली. एक दुरुस्ती मात्र मुलाने आपल्या बोलण्यात करावी: पाण्यातील हायड्रोजन कोणत्याही ताऱ्यात तयार झालेला नाही, तो ताऱ्यांच्याही आधीचा आहे. म्हणजे आपण सगळेच्या सगळे ताऱ्याची राख नव्हे.

मग फादर म्हणतात ते खोटे काय? मुळीच नाही. फादर सांगतात की मनुष्य मातीचा आहे व मातीस मिळावयाचा आहे. ती माती कोठून आली हा प्रश्न त्या बुधवारी कोणी विचारलेला नसतो. मुलाच्या पुस्तकाने तिचे माहेर सांगितले, इतकेच. तथापि येथे भाविकांनीही एक पथ्य पाळावयास हवे, आणि ते आम्हांस एका धर्मगुरूनेच शिकविले आहे. विश्वाचा आरंभ एका लहानशा बीजातून झाला ही कल्पना प्रथम शास्त्रशुद्ध मांडणारे बेल्जियमचे फादर जॉर्ज लमेत्र. १९५१ साली बारावे पायस यांनी या उपपत्तीत उत्पत्तीच्या ग्रंथाचा जणू पुरावाच मिळाल्याचा भाव दर्शविला, तेव्हा फादर लमेत्र अस्वस्थ झाले. शास्त्राचे मत उद्या बदलेल. त्यावर श्रद्धेचा खांब रोवू नये असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा ताऱ्यांच्या राखेवरून कोणी देव सिद्ध करू पाहील तर आम्ही त्यास साथ देणार नाही, आणि तिच्यावरून कोणी देव नाही असे सांगेल तर त्यासही नाही. चर्चने या बाबतीत चुकाही केल्या आहेत. गॅलिलिओच्या प्रकरणी न्यायाधीशांकडून चूक झाली हे संत जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली उघड मान्य केले. ते लपविण्यात अर्थ नाही.

वडिलांना वाटत असेल की या वाटेने गेलेला मुलगा चर्चची पायरी विसरेल. भय खोटे नव्हे, विसरणारेही असतात. परंतु व्हॅटिकनच्या वेधशाळेची सूत्रे २०२५ च्या सप्टेंबरपासून ज्यांच्याकडे आहेत ते फादर रिचर्ड डिसोझा आपल्या गोव्याचे येशूसंघीय आहेत. पदार्थविज्ञान ते शिकले मुंबईच्या झेवियर महाविद्यालयात, आणि आकाशगंगा एकमेकींत कशा मिसळतात हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्यांनाही कोणीतरी बारावीनंतर पुढे शिकू दिले असेल.

आमच्या मते चूक झाली ती दोघांची, आणि लहानशी. मुलाने शिकलेली गोष्ट सांगितली ती प्रश्नाच्या वेषात, चारचौघांत, उपवासाच्या पानावर. बापाला आधी एकट्याला सांगितली असती तर बापाने ती कौतुकाने गावभर केली असती. वडिलांनी ऐकले ते शब्द नव्हेत, सूर. मळ्याच्या कामाची अडचण खरी असेल तर तिचा विचार वेगळा करावा. ती या भांडणाच्या तोंडून बोलू नये. शिक्षण सोडविण्याचा निर्णय परीक्षेच्या निकालापर्यंत लांबणीवर टाकावा, ही आमची त्या बंधूंना हात जोडून विनंती आहे.

आणि माउलीस एक सुचवितो. उपवासकाळाच्या या दिवसांत दिवे लागल्यावर वृषभ रास माथ्याजवळून पश्चिमेकडे कललेली असते. मुलगा पुढल्या रविवारी घरी आला म्हणजे त्याला बापाबरोबर खळ्यात पाठवावे. तेथे दिव्याचा उजेड नसेल. कृत्तिकांचा पुंजका तुमच्या यजमानांस ठाऊक असेलच, त्याच्या पूर्वेस तांबूस रोहिणी. रोहिणीपासून बैलाची दोन शिंगे पुढे जातात. त्यांतील मृगाच्या बाजूचे जे शिंग, त्याच्या टोकाच्या ताऱ्याला लागूनच तो खेकडा आहे, आणि त्याच्या पोटात ती नाडी. नुसत्या डोळ्यांना तेथे काहीही दिसणार नाही, हे मुलाने बापाला आधीच सांगून ठेवावे.